काढलेला ड्रायव्हर परत का येतो? विंडोज एक्सपीची पार्श्वभूमी

एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर (उपकरण चालवायला विंडोजला लागणारं सॉफ्टवेअर) अनइन्स्टॉल केला, मशीन रीस्टार्ट केलं, की तोच पुन्हा हजर. याचं मूळ १९९५ मध्ये आहे. विंडोज ९५ ने प्लग अँड प्ले आणलं: कार्ड बसवा, विंडोज ते ओळखेल, आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा टाकायचा याच्या सूचना) वाचेल आणि ड्रायव्हर टाकेल. टाकण्याची सोय चोख होती, काढण्याची अर्धवट.

२००१ च्या एक्सपीतही अनइन्स्टॉलने मुख्यतः रजिस्ट्रीतली (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात तिथली) त्या उपकरणाची नोंद पुसली जाते. विंडोजच्या ‘आयएनएफ’ या लपवलेल्या फोल्डरात ‘ओईएम१२.आयएनएफ’ अशा नावाची त्या सूचनांची प्रत तशीच राहते आणि रीस्टार्टला विंडोज तीच उचलतं. ती आणि त्याच नावाची पीएनएफ फाइल (विंडोजने तिच्यावरून बनवलेली तयार आवृत्ती) अशी जोडी तिथून हलवावी लागते. आकड्यावरून काहीच कळत नाही. नोटपॅडमध्ये उघडून ‘प्रोव्हायडर’ आणि ‘ड्रायव्हरव्हर’ या ओळी वाचायच्या. लगेच डिलीट न करता दुसऱ्या फोल्डरात ठेवलेली बरी.

हार्ड डिस्कच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरला मात्र हात लावू नये. तो गेला की निळा पडदा आणि ७बी एरर, मग सेफ मोडही उघडत नाही.

खरी डोकेदुखी फिल्टर ड्रायव्हरची, म्हणजे मूळ ड्रायव्हरच्या वर किंवा खाली बसणाऱ्या जोड-ड्रायव्हरची. सीडी राइट करणारी सॉफ्टवेअर आपलं नाव रजिस्ट्रीत सीडी ड्राइव्हच्या क्लासखाली (त्या प्रकारच्या उपकरणांच्या नोंदीखाली) ‘अपरफिल्टर्स’ किंवा ‘लोअरफिल्टर्स’मध्ये घालत. सॉफ्टवेअर काढताना फाइल गेली आणि नाव तिथेच राहिलं, की विंडोज नसलेली फाइल शोधत बसतं. ड्राइव्हवर पिवळं चिन्ह, कोड ३९. सीडीच्या क्लासमधल्या या दोन्ही नोंदी उडवून रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह सहसा परत दिसतो. हाच उपाय कीबोर्डच्या क्लासवर केला तर पंचाईत: तिथल्या ‘अपरफिल्टर्स’मध्ये विंडोजचा स्वतःचा ‘केबीडीक्लास’ असतो, तो गेला की कीबोर्डच बंद. तिथे फक्त परकी ओळ काढायची, आणि त्याआधी रजिस्ट्रीतला तो भाग एक्स्पोर्ट करून ठेवायचा.

व्हिस्टापासून ड्रायव्हरची पॅकेजं ‘ड्रायव्हर स्टोअर’मध्ये एकत्र राहू लागली. अनइन्स्टॉलच्या खिडकीत ड्रायव्हर सॉफ्टवेअरही डिलीट करण्याचा चौकोन आला, सोबत ‘पीएनपीयुटिल’ ही कमांड. विंडोज ७ मध्ये तिला ‘-ई’ लावून यादी पाहायची, ‘-डी’ लावून पॅकेज काढायचं. उपकरण ते वापरत असेल तर कमांड नकार देते. अशा वेळी ‘-एफ’ने जबरदस्ती करण्यापेक्षा उपकरण आधी डिव्हाइस मॅनेजरमधून काढावं.