रस्ते राहिले, माणसं गेली: फ्रान्सच्या डोंगराळ सायकलवाटांमागची गोष्ट

मध्य फ्रान्समधल्या क्रूझ भागात सकाळी सायकल काढावी. रस्त्याला नाव नसतं, नुसता ‘डी’ आणि पुढे एक आकडा. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला चाक गवतात घालावं लागेल इतका तो अरुंद. दोन्ही बाजूंना नेचे, चेस्टनटची झाडं, दगडी बांध. दोन तासांत भेटणार काय, तर टपाल खात्याची पिवळी व्हॅन आणि एखादा ट्रॅक्टर. गाव येतं. चर्च आहे, कायमचा बंद झालेला कॅफे आहे, आणि चौकात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारक. त्यावरची नावं मोजावीत आणि मग उघड्या खिडक्या मोजाव्यात. बऱ्याच गावांत नावं जास्त भरतात.

रस्ता मात्र डांबरी आणि बऱ्यापैकी धड. आपल्याकडे उलट अनुभव असतो: माणसं ढीगभर, रस्ता नावापुरता. त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडतो की इथे राहतंय कोण, आणि एवढे रस्ते बांधले कुणासाठी? सायकलवाले या शांततेचं गुणगान गातात तेव्हा ती निसर्गानेच दिल्यासारखं बोलतात. प्रत्यक्षात ती दोन-अडीचशे वर्षांच्या कष्टांतून आणि नंतरच्या ओसाडीतून आलेली आहे.

सुरुवात याच परिसरातून करता येते. फ्रान्सने रस्ते-पुलांसाठी सरकारी अभियंत्यांचं दल 1716 मध्ये उभं केलं आणि 1747 मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली. पण रस्ता खोदायला लागणारे हात फुकटचे होते. ‘कोर्वे’ म्हणजे आपल्या भाषेत वेठ. शेतकऱ्याने वर्षातले काही दिवस स्वतःचा बैल, स्वतःचं फावडं घेऊन सरकारी रस्त्यावर राबायचं. वेठीचं काम जसं होतं तसंच ते व्हायचं: वर्षातून एक-दोनदा खड्ड्यात दगड लोटायचे आणि घरी जायचं. लिमोज प्रांताचा कारभारी तुर्गो याने 1760 च्या दशकात आपल्या मुलखात ही वेठ बंद करून त्याऐवजी कर बसवला. त्याच काळात तिथला मुख्य अभियंता त्रेझागे याने खर्च वाचवणारी पद्धत बसवली. तळाला मोठे दगड उभे ठोकायचे, वर बारीक खडी, सगळ्यात वर कठीण दगडाची गिट्टी. आणि डागडुजी वर्षातून एकदा करायची नाही, रोज करायची. प्रत्येक तुकड्याला एक माणूस नेमायचा. तो ‘कांतोनिए’. पुढची दीडशे वर्षं चर खणणारा, गवत कापणारा हा माणूस फ्रेंच खेड्यातली ओळखीची आकृती बनून राहिला. खडीचे रस्ते बांधणाऱ्या स्कॉटिश मॅकअॅडमचं नाव जगभर झालं, त्रेझागेला मात्र त्याच्या गल्लीतही फारसं कुणी ओळखत नाही.

खरी जाळी विणली गेली ती 21 मे 1836 च्या कायद्याने. गावरस्त्यांची जबाबदारी कायद्याने गावावर आली. कुटुंबातल्या प्रत्येक धडधाकट पुरुषामागे वर्षाला तीन दिवसांपर्यंत काम द्यायचं, नाहीतर तेवढे पैसे भरायचे. म्हणजे वेठ मागच्या दाराने परतलीच, पण या वेळी रस्ता आपल्याच बाजारगावाला जाणार होता, त्यामुळे कुरकुरत का होईना लोकांनी तो केला. वाडी-वस्तीपर्यंत वाटा गेल्या. तेव्हा खेडी गच्च भरलेली होती. 1851 च्या जनगणनेत क्रूझची लोकसंख्या 2 लाख 87 हजार होती.

आज ती सुमारे 1 लाख 15 हजार आहे. दक्षिणेकडच्या लोझेरची 1851 मध्ये 1 लाख 44 हजारांवर होती, आता 76-77 हजार.

माणसं गेली ती आधी हंगामी गेली. क्रूझचे गवंडी प्रसिद्ध. दर वसंतात हजारोंनी पॅरिसला कामाला जायचे आणि थंडीला परत यायचे. मार्तां नादो हा त्यातलाच एक. 1830 मध्ये, चौदाव्या वर्षी, बापाबरोबर तो पॅरिसच्या वाटेला लागला. पुढे संसदेत निवडून आला. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या घरांतल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. रेल्वे आली तशी हंगामी वाट कायमची झाली. मग 1914 ते 1918. फ्रान्सचे सुमारे 14 लाख सैनिक मेले, त्यांत शेतकरी घरांतली पोरं फार होती. गावं त्यातून सावरली नाहीत.

रस्ते कुणी पुसले नाहीत. फ्रान्समध्ये आजही सुमारे 35 हजार कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखे गावकारभार, आहेत, प्रत्येकाला स्वतःचा महापौर, मग मतदार ऐंशी का असेनात. देशातल्या साधारण 11 लाख किलोमीटर रस्त्यांपैकी 7 लाखांच्या आसपास गावांच्या ताब्यात आणि 3 लाख 80 हजारांच्या आसपास देपार्तमाँच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हातात. हेच ते ‘डी’. मोठी वाहतूक टोलच्या महामार्गांनी उचलली. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ पट्ट्यातून जाणाऱ्या ए 75 चा बहुतेक भाग तर टोलशिवायच आहे. उरलेलं जाळं सायकलस्वाराला आयतं मिळालं.

सायकलवाला इथे आला कसा, ही दुसरी बाजू. डनलॉपने 1888 मध्ये हवेचा टायर काढला, पण तो रिमला चिकटवलेला असे. पंक्चर म्हणजे दिवसभराची बोंब. क्लेरमाँ-फेराँच्या मिशलँ बंधूंनी 1891 मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँने या टायरवर 71 तास 22 मिनिटांत जिंकली. टायर झिजायचा तर लोकांनी फिरायला हवं, आणि फिरायचं तर नकाशा हवा. 1910 पासून मिशलँचे 1:2,00,000 प्रमाणाचे नकाशे यायला लागले. तांबडा रस्ता मोठा, पिवळा मधला, पांढरा बारका. देखण्या रस्त्याला हिरवी कड. चढाला बाणाची टोकं: एक असेल तर 5 ते 9 टक्के, दोन असतील तर 9 ते 13, तीन दिसली की त्यापुढे. मोबाइल आल्यावरही अनेक जुने सायकलस्वार ‘पांढरे’ शोधायला कागदी नकाशाच उलगडतात, आणि मला त्यांचं पटतं. पडद्यावर हिरवी कड दिसत नाही.

मोटारी वाढल्या तशी धूळ वाढली. 1902 मध्ये मोनॅकोत गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या स्विस डॉक्टरने रस्त्यावर डांबर ओतून ती बसवून दाखवली. लोकांनी त्याचं नावच ‘डॉक्टर डांबर’ ठेवलं.

पण शर्यत आणि भटकंती यांची फारकत ज्याने केली तो माणूस सेंत-एतिएनचा. कोळसा, फिती आणि बंदुका यांचं हे शहर सायकलींचंही माहेरघर होतं. पॉल द विव्ही, जन्म 1853, रेशमाचा व्यापारी. धंदा सोडून सायकलीच्या मागे लागला, 1887 मध्ये मासिक काढलं आणि ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत राहिला. शाकाहारी, एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेचा भक्त, रात्र-रात्र सायकल चालवणारा. आख्यायिका अशी की शहराबाहेरच्या रिपब्लिक खिंडीत तो घाम गाळत चढत असताना तोंडात पाइप धरलेला एक पोरगा त्याच्या पुढे निघून गेला, आणि तिथे त्याला गिअरचा साक्षात्कार झाला. पाइपचं खरं-खोटं असो. घर जिथे डोंगराच्या पायथ्याशी आहे त्यालाच गिअर सुचावा हे साहजिक. 1161 मीटरच्या त्याच खिंडीत आज त्याचं स्मारक आहे. 1903 च्या पहिल्या तूर द फ्रान्समध्ये शर्यतवीरांनी हीच खिंड ओलांडली.

तूरचा जनक आंरी देग्राँज याला गिअर अजिबात मान्य नव्हते. पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ते ठीक, असं त्याने 1902 मध्ये लिहिलं. स्नायूंनी जिंकावं, यंत्राच्या करामतीने नव्हे, हा त्याचा बाणा. परिणाम काय झाला ते जवळून पाहण्यासारखं आहे. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगळ्या दातांच्या चकत्या असत. चढाच्या पायथ्याशी स्वार उतरे, पंखाचे नट सैल करी, चाक काढून उलटं बसवी, साखळी ताणून नट आवळी आणि निघे. माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप, थंडीने बोटं आखडलेली. आणि त्याच डोंगरात वेलोसिओच्या पंथातले शिक्षक, कारकून, दुकानदार डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलवर साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारं यंत्र, लावून आरामात चढत होते. तूरने डिरेलरला परवानगी दिली 1937 मध्ये, देग्राँजच्या हातून सूत्रं सुटल्यावर. म्हणजे आज शर्यतीच्या सायकलीवर जे दिसतं ते आधी भटक्यांनी वापरून पाहिलेलं आहे. वेलोसिओ ते पाहायला नव्हता. 1930 मध्ये सेंत-एतिएनच्या रस्त्यात ट्रामने त्याला उडवलं.

कामगारांपर्यंत ही भटकंती पोचली 1936 च्या उन्हाळ्यात. लोकआघाडीच्या सरकारने 20 जूनला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. स्वस्त रेल्वे तिकिटं निघाली, पण पुष्कळांनी टँडम काढली: नवरा पुढे, बायको मागे, मडगार्डवर तंबू. गंमत अशी की ज्यांचे आजे-पणजे ही खेडी सोडून शहरात गेले तीच नातवंडं सुट्टीला पॅडल मारत परत येत होती. वीस वर्षांत त्यांनी मोटारी घेतल्या आणि ती गर्दी महामार्गांकडे वळली. सायकलस्वारांसाठी ते बरंच झालं म्हणायचं.

उरलेल्यांनी आपले रिवाज घट्ट धरले. वेळेचं घड्याळ न लावता कष्टांची नोंद कशी ठेवायची, यात फ्रेंच लोक पटाईत. प्रत्येक देपार्तमाँतल्या सहा ठरलेल्या गावी जाऊन पावरोटीवाल्याकडून कार्डावर शिक्का घ्यायचा, अशी एक योजना वर्षानुवर्षं चालू आहे. पुरी करायला आयुष्य लागलं तरी हरकत नाही. ‘शंभर खिंडी’ नावाचा एक क्लब आहे. शंभर वेगवेगळ्या खिंडी सायकलने चढायच्या, त्यांतल्या पाच तरी 2000 मीटरवरच्या; पुरावा मागत नाहीत, शब्दावर विश्वास. खिंड आठशे मीटरची असो, भोवती गायी आणि पाटी एवढंच असो, पाटीपाशी फोटो निघतोच.

आज जाणाऱ्याने इतिहासाचे काही उरलेले कोपरे लक्षात ठेवावेत. दुपारी बारा ते दोन सगळं बंद, सोमवारी बहुधा पावरोटीही नाही. कॅफे मेले, पण दफनभूमी प्रत्येक गावाला आहे आणि फुलांसाठी तिथे नळ असतो. सायकलस्वार पाण्याची बाटली तिथेच भरतात. ‘ग्राव्हियोँ’ अशी पाटी दिसली की वेग कमी करावा: डांबराचा पातळ थर आणि त्यावर मोकळी खडी, खेड्यातला रस्ता टिकवायची ही स्वस्त पद्धत आहे. मिलव्हाशच्या पठारावर सोडलेल्या शेतांत सूचिपर्णी झाडं लावली गेली, ती आता तोडीला आलीत, आणि अरुंद रस्त्यावर ओंडक्यांचे ट्रक धडधडत येतात. शरदातल्या रविवारी शिकाऱ्यांच्या पाट्या. शांतता म्हणजे रिकामेपण नव्हे, हे त्या बंदुकीच्या आवाजाने बरोबर कळतं.

आपला संबंध येतो तो ब्रेव्हेमुळे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्यांमुळे. 1921 मध्ये पॅरिसच्या ओडाक्स क्लबने आपापल्या वेगाने जायची ब्रेव्हे सुरू केली. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 चाळीस तासांत. पुण्या-मुंबईतले स्वार पहाटे अंधारात निघून घाट चढतात ते याच नियमांवर, आणि दर चार वर्षांनी त्यांतले काही पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला जाऊन पोचतात. मुदत 90 तास. आल्प्सचा एकही घाट नाही. मार्गावरचा ब्रिटनीतला सगळ्यात उंच माथा साडेतीनशे मीटरच्या आसपास. पण लहान-लहान चढ संपतच नाहीत, आणि अनेकजण तिथेच फसतात.

त्या मार्गावर रात्री दोन वाजता गावकरी अंगणात टेबल मांडून बसलेले असतात. पाणी, कॉफी, पातळ गोड घावन म्हणजे क्रेप. एका ठिकाणी तर वर्षानुवर्षं पैसेच घेत नाहीत. घरी पोचलात की एक पोस्टकार्ड टाका, एवढंच सांगतात, आणि आलेली पोस्टकार्डं पुढच्या वेळी भिंतीवर लावतात.