खरीखुरी जगबुडी: ब्रिटनमधल्या एका गेमची कल्पना

जगाचा अंत झाल्यानंतरचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना एक रंग पाठ असतो: पिवळट तपकिरी. वाळू, गंजलेल्या मोटारी, वाळकी झाडं, क्षितिजावर धूळ. या प्रकारातले बरेच गाजलेले गेम अमेरिकेत घडतात, आणि नेवाडाच्या वाळवंटाला तो रंग शोभतोही. माझा भाचा गेम डिझाइन शिकतो. त्याला प्रोजेक्टसाठी ब्रिटन हवं होतं. "मामा, बिग बेन पाडू का?" मी म्हटलं, "पाडू नकोस, बुडव."

जगाच्या अंताला आपण जगबुडी म्हणतो. ब्रिटनला हा शब्द अक्षरशः लागू पडतो, कारण तिथल्या कित्येक जागा निव्वळ पंप चालू आहेत म्हणून कोरड्या आहेत.

आता लंडनच्या भुयारी रेल्वेचंच बघा. बाँब पडायला लागले की खेळाडू तिकडे धावणार हे ठरलेलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनकरही तिथेच झोपायचे. पण या भुयारांतून दररोज सुमारे ४.७ कोटी लिटर पाणी उपसावं लागतं. त्यात पावसाचं पाणी असतं, फुटलेल्या नळांचं असतं आणि जमिनीखालून झिरपणारंही असतं. या शेवटच्या पाण्याची गोष्ट मजेदार आहे. लंडनखाली चुनखडीचा जाड थर आहे आणि तो स्पंजासारखा पाणी धरतो. एकोणिसाव्या शतकापासून कारखाने आणि बिअरच्या भट्ट्या त्यातून इतकं पाणी ओढत होत्या की भूजलाची पातळी खूप खाली गेली. साधारण १९६५ नंतर कारखाने हलले, उपसा थांबला आणि पाणी वर चढू लागलं. भुयारं आणि मोठ्या इमारतींचे पाये धोक्यात येतील म्हणून १९९० च्या दशकात ठरवून पुन्हा उपसा सुरू करावा लागला. वीज गेली की हे सगळं थांबतं. म्हणजे गेममध्ये भुयार हा आसरा नाही, ते घड्याळ आहे. कालच्या फेरीत ज्या फलाटावर शिधा लपवला, तिथे आज गुडघाभर पाणी.

टेम्सवरच्या पूररोधक दरवाजांचंही तसंच. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हा ५२० मीटर रुंदीचा अडथळा बांधला आणि १९८२ पासून तो वापरात आला. त्याचे मुख्य दरवाजे एरवी नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खाचेत आडवे पडून असतात. धोका दिसला की यंत्रं त्यांना वर फिरवतात. यंत्र चालवणारं कोणी नसेल तर दरवाजे तळाशीच राहणार आणि लाट त्यांच्यावरून थेट शहरात.

पूर्वेला केंब्रिजच्या वर फेन्स नावाचा पाणथळ प्रदेश आहे. तो उपसून त्याची शेतजमीन केलेली आहे. होल्म फेन इथे १८५१ मध्ये एक लोखंडी खांब जमिनीत पूर्ण गाडला, त्याचा माथा जमिनीच्या पातळीत होता. शेजारचं मोठं तळं त्याच सुमाराला उपसलं. खालची पीट माती, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, सुकली, आकसली आणि हवेशी संयोग होऊन अक्षरशः उडून गेली. आज त्या खांबाचं टोक डोक्याच्याही वर, जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच आहे. तिथली जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. पंप बंद पडले तर काय होईल ते सांगायला नको. गेमच्या नकाशावर हा भाग निळा रंगवायचा, एवढंच.

किरणोत्सर्गाबद्दल मात्र भाच्याशी माझा वाद झाला. गेममध्ये किरणोत्सर्ग म्हणजे एक हिरवी चकाकी आणि कडकडणारं मीटर. ब्रिटनकडे याचा खरा अनुभव आहे आणि तो चकाकत नाही. तो दुधात असतो.

१० ऑक्टोबर १९५७. वायव्य इंग्लंडमधल्या विंडस्केल इथे बाँबसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या अणुभट्टीला आग लागलेली लक्षात आली. भट्टीत ग्रॅफाइट होतं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्याचे अणू जागचे हलतात आणि त्यात ऊर्जा साठत जाते. ती अधूनमधून मुद्दाम तापवून मोकळी करावी लागे. या वेळी ते हाताबाहेर गेलं. टॉम टुओही हे अधिकारी भट्टीच्या माथ्यावर चढून आत डोकावून आले. कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला, उपयोग झाला नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी पाणी मारलं. स्फोट होण्याची पूर्ण शक्यता असताना मारलं. मग हवेचे पंखेही बंद केले आणि आग विझली. चिमणीच्या टोकाला जॉन कॉक्रॉफ्ट या शास्त्रज्ञांनी हट्टाने बसवून घेतलेली गाळणी होती. तोवर तिला लोक त्यांचा वेडेपणा म्हणत. तिने बरंचसं अडवलं, पण किरणोत्सर्गी आयोडिन-१३१ निसटलं.

ते गवतावर बसतं, गवतातून गाईत, गाईतून दुधात, आणि दुधातून मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत. सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध काही आठवडे ओतून दिलं गेलं. आयोडिन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे थांबणं पुरेसं होतं. रिबेलियन या ब्रिटिश कंपनीचा २०२५ मधला 'ॲटमफॉल' हा गेम याच आगीवरून सुचलेला आहे, म्हणजे कल्पना अगदीच माझी नाही.

पण मला त्याच भागातल्या डोंगरांची पुढची गोष्ट जास्त आवडते. मे १९८६ मध्ये चेर्नोबिलचा ढग ब्रिटनवर आला आणि नेमका तेव्हाच कंब्रिया, वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांवर धो धो पाऊस पडला. त्यातून सीझियम-१३७ खाली आलं. त्याला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. तरी अधिकाऱ्यांचा अंदाज होता की मेंढ्यांच्या विक्रीवरचे निर्बंध काही आठवड्यांत उठतील, कारण चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात आणि ते मुळांना मिळत नाही. डोंगरावर मात्र चिकणमाती नव्हती, आंबट पीट होती. ती सीझियमला धरत नाही. वनस्पतीला ते पोटॅशियमसारखं वाटतं, ती ते शोषून घेते, मेंढी ती वनस्पती खाते, लेंड्यांतून सीझियम परत मातीत, आणि चक्र चालूच. शेवटच्या शेतांवरचे निर्बंध उठायला जून २०१२ उजाडला.

या काळात मर्यादेपेक्षा जास्त सीझियम असलेल्या मेंढ्यांच्या पाठीवर रंग लावायचे. अशा मेंढ्या खालच्या स्वच्छ कुरणात नेल्या की काही आठवड्यांत त्यांच्या अंगातलं सीझियम बरंच उतरायचं. गेमसाठी याहून चांगला नियम कोणी बसून सुचवला नसता. समोर धुक्यात रंगीत मेंढी उभी आहे, पोटात भूक आहे, आणि तुम्हाला विचारायचंय ते इतकंच: ही कुठल्या मातीवर चरली?

(बंदुकांचं भाच्याला वाईट वाटलं. ब्रिटनमध्ये १९९७ पासून खासगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आहे, तेव्हा प्रत्येक कपाटात काडतुसं सापडणार नाहीत.)

खेळाडू कोण असावा, हे मात्र त्यानेच निवडलं. शीतयुद्धात रॉयल ऑब्झर्व्हर कोअर नावाची संघटना होती. तिच्यात बहुतेक साधे स्वयंसेवक होते. देशभर शेतांच्या कोपऱ्यांत त्यांच्यासाठी जमिनीखाली दीड हजारांहून अधिक खोल्या बांधल्या होत्या. एका खोलीत तीन माणसं, लोखंडी शिडी, दोन बंक. वर एक पांढरा डबा, त्याला चार दिशांना चार बारीक छिद्रं, आत फोटोचा कागद. अणुस्फोट झाला की त्याचा प्रकाश छिद्रातून कागदावर डाग पाडणार. डाग कुठे पडला त्यावरून स्फोटाची दिशा आणि उंची कळणार, आणि दोन-तीन ठिकाणचे आकडे जुळवले की जागा कळणार. कॅमेऱ्याचं सगळ्यात जुनं तत्त्व. फक्त तो कागद आपोआप खाली येत नव्हता. स्फोटानंतर तिघांपैकी एकाने शिडी चढून वर जायचं आणि तो बदलून आणायचा.

१९९१ मध्ये या चौक्या बंद झाल्या. शिडीच्या पायथ्याशी पाणी साचायला एक खड्डा आणि ते उपसायला हातपंप असायचा. अनेक वर्षं कोणी तो हलवलेला नाही. म्हणून गेमच्या पहिल्या दृश्यात खेळाडू गवतातलं झाकण उचलतो, टॉर्च आत मारतो, आणि शिडीच्या खालच्या पायऱ्या काळ्या पाण्यात गेलेल्या दिसतात.