मुरिंग कव्हर की ट्रेलर कव्हर? आधी काठ बघा

बोटीचं कव्हर घडी घालून ठेवलेलं असलं की ते मुरिंगचं आहे की ट्रेलरचं, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. कापड तेच, रंग तोच, लांबी-रुंदीही जवळपास सारखीच. पण घडी उलगडून काठ हातात घेतला की लगेच उलगडा होतो. काठावर वीत-दीड वीत अंतराने टिचबटणं बसवलेली असतील तर ते मुरिंग कव्हर, म्हणजे पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटीवर घालायचं. काठाच्या दुमडीतून जाड नाडी किंवा इलॅस्टिक फिरवलेलं असेल आणि पट्टे ओवायला बाहेरून कापडी फासे शिवलेले असतील तर ते ट्रेलर कव्हर, म्हणजे गाडीमागून बोट ओढून नेताना घालायचं.

कव्हर घेताना सगळेजण आधी कापड चाचपून बघतात, रंग निवडतात. माझा आग्रह आहे की आधी काठ बघावा, कारण कव्हर कशासाठी बनवलंय ते काठावर दिसतं. चुकीचं कव्हर बोटीचं कधीकधी इतकं नुकसान करतं की त्यापेक्षा बोट उघडी ठेवलेली बरी.

पाण्यातल्या बोटीला खालून पट्टा घालता येत नाही, कारण बूड पाण्यात असतं. त्यामुळे कव्हराला धरून ठेवायला बोटीचा वरचा काठ एवढीच जागा उरते. मुरिंग कव्हर त्या काठाशी किंवा त्याच्या बाहेरच्या रबरी पट्टीशी येऊन थांबतं, फार खाली उतरत नाही. शिवाय ते घालणारा माणूस धक्क्यावर उभा असतो आणि पलीकडच्या बाजूला त्याचा हात पोचत नाही. म्हणून ते बोटीत उभं राहूनच घालावं लागतं. पुढच्या टोकापासून सुरुवात करायची, दोन्ही बाजूंची बटणं लावत मागे सरकायचं, धक्क्याकडचा थोडा भाग उघडा ठेवून तिथून बाहेर यायचं आणि उरलेली बटणं बाहेरून लावायची. चांगल्या मुरिंग कव्हराला याच जागी चेन (झिप) दिलेली असते.

बटणं काढताना कापडाला हिसका देऊ नये. हाताचं बोट बटणाच्या अगदी कडेशी घालून ते सरळ वर उचकटायचं. खाऱ्या पाण्यावरच्या बोटीत बटणाच्या खोबणीत मीठ साचून ते घट्ट बसतं. अशा वेळी कापड ओढलं की बटण जागीच राहतं आणि त्याच्याभोवतीचं कापड गोल फाटून हातात येतं. तसं झालेलं कव्हर बघितलं की जीव हळहळतो, कारण बाकीचं कापड अजून कितीतरी चाललं असतं. बटणं अधूनमधून गोड्या पाण्याने धुवून सिलिकॉनचा हलका हात फिरवला तर ही वेळ येत नाही.

मुरिंग कव्हराचा खरा शत्रू म्हणजे साचणारं पाणी. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं, आणि त्याचं वजन १ किलो. पंधरा चौरस मीटरचं कव्हर असेल आणि रात्रभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या कव्हरावर ७५० लिटर पाणी पडतं. ते घरंगळून गेलं तर प्रश्नच नाही. पण मध्ये थोडा जरी झोळ असला तरी पाणी तिथे थांबतं, त्याच्या वजनाने कापड ताणतं, झोळ वाढतो, आणखी पाणी थांबतं. चार बोटं खोल असलेलं डबकं सकाळपर्यंत शंभर किलोंवर गेलेलं असतं. मग एक तर शिवण उसवते, नाहीतर बटणं ओळीने सुटतात आणि सगळं पाणी एकदम बोटीत कोसळतं. आत साचणारं पाणी उपसणारा पंप बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी उतरली की तोही थांबतो.

त्यामुळे मुरिंग कव्हराखाली टेकू हवेच. उंची कमी-जास्त करता येणारे दांडे मिळतात. त्यांचं वरचं टोक रुंद आणि गुळगुळीत असावं, नाहीतर ते कापडाला भोक पाडतं. दांडे उभे करून झाल्यावर वरून बादलीभर पाणी ओतून बघावं. ते कुठेही न थांबता दोन्ही बाजूंनी खाली गेलं पाहिजे. थांबलं तर त्या जागी टेकू वाढवा.

ट्रेलर कव्हराचा सामना पाण्याशी नसून वाऱ्याशी असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ४० किलोमीटरला समोरून आदळणारा वारा एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलो वजनाएवढा जोर लावतो. ताशी ८० ला तोच जोर ३० किलोंपर्यंत जातो. त्यात समोरून वारा सुटलेला असेल तर आणखी भर. टिचबटणं हा भार सहन करण्यासाठी नसतातच. पुढचं एक सुटलं की वारा आत शिरतो, कव्हर फुगतं आणि बाकीची एकामागोमाग एक निघतात. कधी बटणाबरोबर बोटीच्या अंगातला स्क्रूही उपटून येतो आणि त्या जागी रंगाच्या थराला तडे जातात.

म्हणून ट्रेलर कव्हर काठावरून खाली उतरून बोटीच्या कुशीला बिलगतं, नाडीने आवळलं जातं आणि पट्ट्यांनी ट्रेलरच्या सांगाड्याला बांधलं जातं. इथे कव्हर अंगाबरोबर बसणं हे सगळ्यात महत्त्वाचं. सैल कव्हर रस्त्यावर फडफडतं. फडफडीत ते स्वतः झिजतंच, पण कापड आणि बोट यांच्यामध्ये अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. दूरचा प्रवास करून आल्यावर कव्हर काढलं तर बोटीच्या कडेला हातभर लांबीचा धुरकट पट्टा दिसतो. तो पुसून जात नाही, कारण ती घाण नसून चमक घासली गेल्याची खूण असते. कव्हर घालण्याआधी बोट धुवायला का सांगतात, हे त्या पट्ट्याकडे बघून कळतं.

काचेचे वरचे दोन कोपरे आणि दोर बांधायच्या खुंट्या, या जागी कव्हर सर्वांत आधी फाटतं. ट्रेलर कव्हर विकत घेताना आतली बाजू उलटी करून तिथे दुहेरी कापडाचे ठिगळ दिलेत का ते बघा. नसतील तर लांबच्या प्रवासात त्याचा भरवसा धरू नका. पट्टे आवळतानाही भान ठेवायला हवं. रॅचेटने, म्हणजे पट्टा आवळायच्या दातेरी खिट्टीने, पिरगाळून तारेसारखे ताणले की शिवण फाटते. हाताने घट्ट ओढून बकलात अडकवले तरी पुरतात. थोडं अंतर गेल्यावर मात्र एकदा थांबून ते पुन्हा तपासावेत, कारण कापड बसल्यावर पट्टे हमखास सैल होतात.

मग ट्रेलरचं कव्हर पाण्यातही वापरलं तर? पट्टे बांधायला खाली सांगाडाच नसतो. खाली उतरलेला काठ लाटांच्या पाण्यात भिजत राहतो, ते पाणी वातीसारखं कापडातून वर चढतं आणि काठाला शेवाळ धरतं. काही कव्हरांना टिचबटणंही असतात आणि पट्टेही. अशी कव्हरं नीट शिवलेली असतील तर दोन्हीकडे चालतात. नुसत्या जाहिरातीवर न जाता काठ स्वतः बघून ठरवावं. तिसरा प्रकार नुसतं साठवणीचं कव्हर. ते सैल असतं, बोट एका जागी झाकून ठेवायला उत्तम, पण रस्त्यावर नेण्यासाठी नव्हे.

आता कापड. इथेही एक जोडी लोकांना चकवते: पाणी अजिबात न जाऊ देणारं कापड आणि पाणी झटकणारं कापड. प्लॅस्टिकचा लेप दिलेलं कापड पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. ओल्या बोटीवर ते घातलं की दिवसा आत वाफ धरते, रात्री गारव्याने तिचे थेंब होऊन कव्हराच्या आतून टपकतात, आणि काही दिवसांत गाद्यांवर बुरशीचे काळे ठिपके उठतात. पाणी झटकणाऱ्या कापडातून वाफ निघून जाते, पण त्यावर पाणी साचून राहिलं तर ते झिरपतं. म्हणजे टेकूचा प्रश्न परत आलाच.

ॲक्रिलिकमध्ये धागा कातण्याआधीच रंग मिसळलेला असला तर ते उन्हात वर्षानुवर्षं टिकतं, रंग फारसा उडत नाही, हवा खेळती राहते. पण घासटण्यापुढे ते फारसं टिकत नाही. पॉलिएस्टर घासटण्याला आणि फाटण्याला जास्त चिवट, आणि ते कमी ताणतं. त्यामुळे एका जागी उन्हापावसात उभ्या असणाऱ्या मुरिंगच्या बोटीला ॲक्रिलिक आणि रस्त्यावर फिरणाऱ्या बोटीला पॉलिएस्टर, असा माझा कौल आहे. पॉलिएस्टरवर ६०० डेनियर असा आकडा दिसतो. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन ६०० ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. धागा जाड आहे हे त्यावरून कळतं, पण उन्हात तो किती टिकेल ते कळत नाही.

शिवणीच्या दोऱ्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, अशी कव्हरं भरपूर दिसतात, कारण बारीक दोऱ्याला ऊन आधी खातं. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचा, दोरा वापरला असेल तर तो बहुधा कापडापेक्षा जास्त टिकतो. मुरिंग कव्हर शिवून घेत असाल तर त्यासाठी जास्त पैसे जरूर मोजा.

दोन्ही कव्हरं एकदम घेणं प्रत्येकाला जमत नाही. बोट वर्षातला बहुतेक काळ पाण्यात असते की ट्रेलरवर, ते आधी मोजावं आणि त्याप्रमाणे निवडावं. बोट ट्रेलरवरच राहणार असेल तर अंगाबरोबर बसणारं ट्रेलर कव्हर घेतलं की ते उभ्या बोटीवरही चालतं, फक्त खाली टेकू द्यायला विसरू नये. पाण्यातली बोट वर्षातून एखाद-दोनदाच रस्त्यावर येणार असेल तर प्रवासात मुरिंग कव्हर काढून, घडी करून गाडीत ठेवावं आणि बोटीतल्या सुट्या वस्तू बांधून घ्याव्यात.

माप घेताना लांबी पुढच्या टोकापासून मागच्या काठापर्यंत सरळ रेषेत घ्यावी, काचेवरून फीत वळवून नेऊ नये. रुंदी जिथे सर्वांत जास्त आहे तिथली धरावी. मागे लटकणारं इंजिन आणि पोहायला उतरायची फळी यांची मापं वेगळी लिहावीत. ट्रेलरवर बोट उभी करताना पुढचा भाग थोडा उंच ठेवून मागचं बूच काढून ठेवावं, म्हणजे कव्हरातून जे काही झिरपेल ते आपोआप वाहून जाईल. ते बूच गाडीच्या किल्लीला अडकवावं, म्हणजे बोट पुन्हा पाण्यात उतरवताना ते आठवणीने लावलं जाईल.