घड काळा झाला, पण माल तयार झाला का?
वाईन द्राक्षाच्या बागायतदारांसाठी: नमुना आणण्याआधी एकदा वाचा

जानेवारी लागला की आमच्या द्राक्ष-तपासणी प्रयोगशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घडांचे फोटो सुरू होतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "पूर्ण काळा झालाय, तोडायचा कधी?" फोटोवरून गोडी सांगता येत नाही. आम्ही सांगतही नाही.

शरद सीडलेस हा खायच्या द्राक्षाचा काळा वाण आपल्याच सोलापूरजवळच्या नान्नजचा, त्यामुळे रंग बघून मालाचा अंदाज बांधायची सवय इथल्या बागायतदारांना जुनी आहे. वाईनच्या वाणात मात्र रंग ही पिकण्याची सुरुवात असते. मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे तो पिकू लागेपर्यंत, मणी टणक आणि आंबट राहतो. पाणी उतरलं की तो बोटाखाली दबतो, साखर साठू लागते आणि सालीत रंग भरतो. रंग सालीतच असतो. शिराज या लाल वाईनच्या वाणाचा काळाभोर मणी दाबून बघा, रस फिक्काच निघेल. एका घडातले मणीही एका दिवशी फिरत (रंग बदलत) नाहीत, सगळा प्लॉट फिरायला दहा-पंधरा दिवस जातात. घड पूर्ण काळा दिसतो तेव्हा गोडी बहुधा १५-१६ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आसपासच असते. लाल वाईनला साधारण २३ ते २५ लागते, म्हणजे अजून काही आठवडे थांबायचं असतं. सॉव्हिन्यॉ ब्लाँ, शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या वाणांत तर काळ्या रंगाची खूणही नाही. तिथे हिरवेपणा जाऊन मणी पिवळसर आणि पारदर्शक होतो, एवढंच दिसतं.

आता ज्या चुकीने तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती सांगतो. बांधावरच्या वेलीचा एक देखणा घड तोडून आणला जातो. घडाच्या खांद्याचे (देठाकडचे) मणी शेंड्याच्या मण्यांपेक्षा गोड असतात, आणि पश्चिमेच्या उन्हात सुकू लागलेला मणी पाणी उडाल्यामुळे जास्त ब्रिक्स दाखवतो. असा घड २४ दाखवतो, तोडणी होते, आणि वायनरीच्या काट्यावर गाडी २१ भरते. मग आमचं तपासणीचं मशीन चुकीचं ठरतं. मशीन बरोबर असतं, नमुना चुकलेला असतो.

नमुना असा घ्या: बांधाच्या ओळी आणि ओळीच्या टोकाच्या वेली सोडा. प्लॉटभर फिरून किमान १०० मणी, शक्यतो २००, ओळीच्या दोन्ही बाजूंनी घ्या. कधी खांद्याचा, कधी मधला, कधी शेंड्याचा. पुढचा आणि घडामागे लपलेलाही. मणी ओढू नका, कात्रीने देठासकट कापा, नाहीतर रस पिशवीत गळतो. वेळ सकाळी ७ ते ९, आणि दर वेळी तीच. भरपूर पाणी दिल्यावर लगेच नमुना घेऊ नका. पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवा, पण फ्रीझरमध्ये कधीच नको. गोठलं की रसातल्या टार्टारिक आम्लाचे खडे बसतात आणि आम्लाचा आकडा खोटा येतो. माळशिरस, पंढरपूरकडून पाठवत असाल तर त्याच दिवशी दुपारपर्यंत पोचेल असं बघा.

"नुसतं ब्रिक्स काढून द्या, बाकीचे पैसे कशाला?" असंही विचारलं जातं. आपल्याकडे पारा ३५ च्या वर गेला की सालीत रंग भरणं मंदावतं आणि मॅलिक आम्ल झपाट्याने जळतं. टार्टारिक तेवढं जळत नाही. रंग अजून गडद होईल म्हणून थांबलात तर गोडी वाढेल, पण पीएच (तो वाढला की आंबटपणा कमी) ३.६ ओलांडून पुढे गेला की वाईन सपक होते आणि नीट टिकत नाही. म्हणून ब्रिक्स, पीएच आणि एकूण आम्ल हे तिन्ही आकडे आम्ही एकत्रच देतो. बियाही फोडून बघतो: हिरवी असेल तर थांबायचं, तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली तर तोडणी जवळ आली.

एका तपासणीपेक्षा पाणी उतरल्यापासून दर आठवड्याला आणि शेवटी दर तीन दिवसांनी केलेली तपासणी कामाची, कारण तारीख आकड्यांच्या चालीवरून कळते. हंगामाची नोंदणी केली तर पिशव्या, प्लॉटची लेबलं आणि तक्ता आमच्याकडून मिळेल. स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं उपकरण) असेल तर नमुन्यासोबत आणा. शून्य तपासून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.