अवधाण आणि मेलेल्या पेशींचे तुकडे

ओहोटीला खडपात कालवं काढायला उतरलं की एखादी शिंपली टाचेत घुसतेच. घरी येऊन हळद दाबायची, विषय संपला. दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ ठणकायला लागते. आमची आजी न बघताच सांगायची, "अवधाण आलंय, पाय बघ." लागलं टाचेला, गाठ जांघेत! याचं मला लहानपणी भारी कोडं वाटे.

ती गाठ म्हणजे लसीकाग्रंथी, अंगाच्या राखणदार पेशींचा तळ. पायातली बातमी तिथवर पोचवतात त्या डेंड्रायटिक पेशी. अंगभर फांद्या फुटलेल्या या पेशी राल्फ स्टाइनमन आणि झॅनविल कोन यांनी १९७३ साली उंदराच्या प्लीहेत हेरल्या.

बातमी न्यावीच लागते, कारण नवख्या टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पण अजून शत्रू न भेटलेल्या पांढऱ्या पेशी, जखमेपाशी फिरकत नाहीत. त्या रक्तातून ग्रंथीत आणि ग्रंथीतून रक्तात फिरतात. शिवाय त्यांना अख्खा जंतू ओळखता येत नाही. त्याच्या प्रथिनाचा बारीकसा तुकडा एमएचसी नावाच्या रेणूत धरून समोर आणावा लागतो.

खरी गंमत विषाणूंच्या बाबतीत आहे. मारक टी पेशी पहिल्या वर्गाचं एमएचसी बघतात, आणि त्यावर एरवी पेशीच्या स्वतःच्याच पोटात बनलेला माल लागतो. मग विषाणू फक्त त्वचेच्या पेशीत शिरला, डेंड्रायटिक पेशीला शिवलाच नाही, तर? त्यावर उपाय असा, की डेंड्रायटिक पेशी ती मेलेली त्वचेची पेशी गिळते आणि तिच्यातले तुकडे पहिल्या वर्गावर चढवते. पाहिलेलं नाही, पण मुद्देमाल हातात आहे! मायकेल बेव्हन यांना याची चाहूल १९७६ मध्ये लागली.

प्रेत ओळखायची खूणही झकास आहे. पेशीचा सांगाडा अ‍ॅक्टिनच्या धाग्यांचा असतो. जिवंतपणी तो आत झाकलेला असतो, पेशी फाटली की उघडा पडतो. काही डेंड्रायटिक पेशींच्या अंगावर नेमका तोच पकडणारा ग्राहक रेणू असतो.

पण शरीरात पेशी रोजच मरतात. प्रत्येक वेळी बोंब ठोकली तर टी पेशी घरच्यांवरच उठतील. म्हणून जंतूंची किंवा इजेची खूण मिळाली तरच डेंड्रायटिक पेशी तुकड्यासोबत दुसरा इशारा देते. तो नसेल तर टी पेशी थंडावते किंवा मरते.

टाचेच्या जखमेत बहुधा जीवाणू असतात, तिथे मारक नव्हे, तर इतर पेशींना कामाला लावणाऱ्या मदतनीस टी पेशींचं काम जास्त. ग्रंथीत लाखो टी पेशींतून तुकड्याशी जुळणारी एखादीच सापडते. तोवर बाकीच्यांनाही काही काळ बाहेर सोडत नाहीत. जुळलेली सापडली, की ती भराभर विभागत जाते. जांघेत हाताला लागते ती हीच गर्दी.