जाग वेगळी, लक्ष वेगळं

टक्क जागा असलेला माणूस लक्ष देत असणारच, असं आपण धरून चालतो. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला तोंड धुऊन यायला सांगतो, आणि जागेपणी खिडकीबाहेर रमलेल्यालाही तेच सांगतो. मेंदूत मात्र ही दोन निरनिराळी कामं आहेत.

जाग येते ती मेंदूच्या तळातून. १९४९ साली मोरुझी आणि मॅगून या संशोधकांनी गुंगीतल्या मांजरांच्या मेंदूस्तंभातल्या (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातल्या) जाळीदार भागाला विजेने चेतवलं, तेव्हा त्यांच्या मेंदूलहरी जाग्या प्राण्यासारख्या झाल्या. ही जाग टिकवून धरण्यात मेंदूच्या तळाजवळच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या, ओरेक्सिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा मोठा हात असतो. त्या नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, भरदिवसा झोप अनावर होते.

लक्ष म्हणजे निवड. ती बिघडली तर काय होतं, हे बिसियाक आणि लुझ्झाती या संशोधकांनी १९७८ मध्ये मिलानमधल्या दोन रुग्णांवरून दाखवलं. दोघांच्याही मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली होती. शहरातल्या कॅथेड्रलसमोर उभं असल्याची कल्पना करून चौक सांगा म्हटल्यावर त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या दारातून चौकाकडे बघताय असं समजा म्हटल्यावर मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या आणि आधीच्या गळाल्या. दोघं पूर्ण जागे होते, चौक पाठ होता, पण डावी बाजू त्यांच्या लक्षाच्या कक्षेत येतच नव्हती. मला या विषयातला हा सर्वांत विलक्षण पुरावा वाटतो.

गोंधळ होतो, कारण दोन्ही कामांत हात असलेली एक जागा आहे: मेंदूस्तंभातला लोकस सेरुलियस. पेशी अगदी थोड्या, माणसात काही दहा हजारांच्या घरात, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत नॉरअॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन पोचवतात. या पेशी दोन तऱ्हांनी काम करतात. एक, संथ, अखंड स्पंदन. जागेपणी ते चालू राहतं, गाढ झोपेत मंदावतं, स्वप्नांच्या झोपेत जवळपास थांबतं. दुसरी तऱ्हा म्हणजे महत्त्वाचं काही समोर आलं की उसळणारा क्षणिक झोत. माकडांवरच्या प्रयोगांत संथ स्पंदन मध्यम असताना हे झोत ठसठशीत उमटले आणि काम अचूक झालं. स्पंदन फार वाढलं तेव्हा झोत फिके पडले आणि माकडं विचलित झाली. ताणानेही हे स्पंदन वाढतं. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलाला म्हणूनच आणखी चहा देऊन फारसं साधत नाही.

हा फरक रुग्णालयात सर्वांत मोलाचा ठरतो. शस्त्रक्रियेनंतर आजोबा डोळे उघडतात, नाव सांगतात, घरचे निर्धास्त होतात. डॉक्टर त्यांना डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावतात आणि आजोबा ऑक्टोबरपाशीच हरवतात. हे डेलिरियमचं, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळाचं, लक्षण असू शकतं. पेशंट जागा आहे पण बोलण्याचा धागा सुटतोय, असं दिसलं तर ‘थकलेत’ म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.