वापरलेल्या लाइट स्पोर्ट विमानाची खरेदी

लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट, वैमानिकांच्या बोलण्यात नुसते ‘एलएसए’, हा अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने म्हणजे एफएएने २००४ मध्ये आखलेला छोट्या विमानांचा वर्ग. जास्तीत जास्त दोन आसने, एकच पिस्टन इंजिन, पोटात न घेता येणारी चाके, उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन १,३२० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ६०० किलोंच्या आत, सपाट उड्डाणात वेग १२० नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि स्टॉलचा, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला पेलत नाहीत तो वेग ४५ नॉटपेक्षा जास्त नाही, ही त्याची मूळ चौकट. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना वजनात थोडी सूट आहे. हे विमान उडवण्याच्या स्पोर्ट पायलट परवान्याला किमान २० तासांचे प्रशिक्षण पुरते आणि वैद्यकीय दाखल्याऐवजी सहसा मोटारीचा परवाना चालतो. त्यामुळे वय झालेल्या, वैद्यकीय तपासणीची धास्ती घेतलेल्या वैमानिकांनी ही विमाने हौसेने घेतली. आज जुन्या बाजारात येणारी बरीच विमाने त्यांच्याच हँगरमधून निघतात. उरलेली फ्लाइंग स्कूलमधून येतात. दोन्हींची दुखणी वेगळी.

विमान पाहायला गेल्यावर रंग आणि स्क्रीन पाहण्याआधी कॉकपिटमधला गुलाबी कागद वाचावा. हे विशेष उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र. कारखान्यात तयार झालेले विमान असेल तर त्यावर ‘लाइट स्पोर्ट’ असा वर्ग असतो. अशा विमानाला एस-एलएसए म्हणतात. ‘एक्सपेरिमेंटल’ लिहिलेले असेल तर ते ई-एलएसए. पायपर जे-३ कब किंवा एरॉन्का चॅम्प यांसारखी १९४० च्या दशकातली विमाने वजन-वेगाच्या चौकटीत बसतात, पण त्यांचे प्रमाणपत्र जुन्या पद्धतीचे आणि पांढरे असते. त्यांचा व्यवहार साध्या जुन्या विमानासारखाच चालतो.

एस-एलएसएची गोम अशी, की विमान तुमचे झाले तरी त्यात बदल करण्याचा हक्क तुमचा होत नाही. या विमानांची तपासणी करून एफएए टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला मंजुरी देत नाही. आपले विमान एएसटीएम या संस्थेच्या मानकांत बसते, असे निर्माता लिहून देतो आणि पुढची सूत्रेही त्याच्याच हातात राहतात. दुसरा रेडिओ बसवायचा, प्रोपेलर बदलायचा, तर निर्मात्याचे परवानगीपत्र लागते. त्याने काढलेला सुरक्षा आदेश पाळावाच लागतो. आता निर्मात्याने दुकानच बंद केले तर? हा प्रश्न पुस्तकी नाही. या वर्गात शंभराहून अधिक मॉडेल आली, त्यांतल्या कितीएकांची विक्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मोठे नाव असले की निर्धास्त, असेही नाही. सेसनाने २००७ मध्ये गाजावाजा करून जाहीर केलेले १६२ स्कायकॅचर दोनशेही विकले गेले नाही आणि काही वर्षांतच कंपनीने ते बंद केले. सीटी मालिका बनवणारी जर्मनीची फ्लाइट डिझाइन २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे नव्या मालकांकडे सावरली. म्हणून सुटे भाग आज कोण देतो आणि परवानगीपत्रावर सही कोण करतो, हे विक्रेत्याला नव्हे, थेट त्या कंपनीला फोन करून विचारावे.

पोरक्या झालेल्या विमानाला एक वाट असते. मालक ते ई-एलएसएमध्ये बदलून घेऊ शकतो. मग बदलांना परवानगी लागत नाही, आणि १६ तासांचा अभ्यासक्रम करून स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणीही करता येते. मात्र ते भाड्याने देता येत नाही आणि परत एस-एलएसए होता येत नाही. बाजारात ई-एलएसएकडे उगाच नाक मुरडले जाते. फक्त स्वतःपुरते उडणाऱ्याला ते सोयीचेच; आधीच्या मालकाने हौसेपोटी कुठे कुठे हात घातला, तेवढे मात्र कसून पाहावे.

इंजिन बहुधा ऑस्ट्रियाचे रोटॅक्स ९१२ असते. (एनसीसीच्या हवाई शाखेत पिपिस्ट्रेल व्हायरसमधून उडालेल्या कॅडेटच्या कानांना त्याचा आवाज ओळखीचा असेल; तेच इंजिन, ८० अश्वशक्तीचे.) त्याचे तेल वेगळ्या टाकीत असते. ते मोजण्याआधी प्रोपेलर हाताने, नेहमीच्याच दिशेने, सावकाश फिरवत राहायचे. टाकीतून ढेकर दिल्यासारखा गुडगुड आवाज आला की तेल परत टाकीत आले असे समजून मग पट्टी बघायची. इग्निशन बंद असल्याची खात्री करून विक्रेत्याला हे करायला सांगावे. तो थेट पट्टी उपसू लागला, तर त्याने इंजिनाची निगा कशी राखली असेल याचा अंदाज येतो.

रोटॅक्समध्ये फसगत होते ती कमी तासांच्या विमानात. बारा वर्षांचे विमान आणि फक्त १८० तास उडालेले, हे वाचून ‘कमी चाललेली गाडी’ म्हणून माणूस हरखतो. पण रबराला तास कळत नाहीत, वर्षे कळतात. इंधनाच्या, तेलाच्या आणि थंडाव्याच्या नळ्या, कार्ब्युरेटरची रबरी बैठक वगैरे दर पाच वर्षांनी बदलायचे असते. त्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो, म्हणून नेमके हेच काम विक्रीच्या आधी टाळले जाते. लॉगबुकात ही नोंद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. नव्या इंजिनांची ओव्हरहॉलची मुदतही २,००० तास किंवा १५ वर्षे, जे आधी होईल ते. कार्ब्युरेटरचे फ्लोट इंधन शोषून जड होतात, तेही काढून तोलून पाहावेत. विमान शिसेयुक्त १०० एलएल पेट्रोलवर चालले असेल तर तेल लवकर लवकर बदलल्याच्या नोंदी हव्यात.

फ्लाइंग स्कूलच्या विमानात इंजिन रोज चाललेले, म्हणून बरे असते. मार खाल्लेला असतो तो पुढच्या चाकाने. शिकाऊ हातांचे आदळणे चाकाच्या दांड्यातून फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीपर्यंत पोहोचते. तिथल्या पत्र्याला सुरकुती किंवा नवा रंग दिसला, तर विचारपूस करावी. काँपोझिट, म्हणजे तंतूंचे थर चिकटवून केलेल्या अंगावर नाण्याने टिचक्या मारत जातात. टणत्कार जिथे बद्द होतो तिथे थर सुटल्याचा संशय घ्यावा. झोडिअॅक सीएच ६०१ एक्सएल या मॉडेलच्या बाबतीत तर पंखांची दुरुस्ती झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत पुढे बोलूच नये: हवेतच मोडण्याच्या अपघातांनंतर अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या संस्थेने एप्रिल २००९ मध्ये ती विमाने जमिनीवर ठेवण्याची शिफारस केली होती. अख्खे विमान खाली उतरवणारे पॅराशूट असेल तर त्याची घडी आणि ते बाहेर खेचणारे रॉकेट यांच्या मुदती वेगवेगळ्या असतात. ही सगळी तपासणी विक्रेत्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडून करून घेऊ नये.

वजनाचा हिशेब कागदावरच करावा. स्कायकॅचरमध्ये माणसे, सामान आणि इंधन मिळून सुमारे ४९० पौंड मावतात. २४ गॅलन पेट्रोलचे १४४ पौंड गेले की दोघांसाठी उरतात ३४६, म्हणजे १५७ किलो. दोन धष्टपुष्ट मित्रांना टाकी अर्धी ठेवूनच निघावे लागते.

मालकीची नोंद ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या रजिस्ट्रीत होते. विमानावर कर्जाचा बोजा नाही ना, हे तिथल्या नोंदींवरून तपासायचे. मग विक्रीचा फॉर्म ८०५०-२ आणि नोंदणीचा ८०५०-१. अमेरिकेतल्या मराठी हौशींनी ध्यानात ठेवावे, की स्वतःच्या नावावर नोंदणीसाठी नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागते. एच-१बीवर असणाऱ्याला परवाना काढता येतो, विमान मात्र ट्रस्टसारख्या आडवाटेनेच घ्यावे लागते.

जुलै २०२५ मध्ये एफएएने ‘मोझेक’ नावाचे नवे नियम जाहीर केले. २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटला फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) न उघडता ५९ नॉटपर्यंत स्टॉल होणारी, चार आसनांपर्यंतची विमाने उडवता येतात, प्रवासी मात्र एकच. म्हणजे जुनी सेसना १५० आता याच गिऱ्हाइकासमोर उभी आहे, आणि एलएसए विकणाऱ्याला पूर्वीसारखे अडून बसता येत नाही. यामुळे जुन्या एलएसएची वजनमर्यादा आपोआप वाढली, असे कोणी सांगू लागले तर ते खरे मानू नये. विमानाच्या कागदावर १,३२० पौंड आहेत तोवर १,३२०च. वाढवून द्यायचे झाले तरी ते निर्मात्यानेच द्यायचे.